अंगठा दिला, की दाखवला?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खजिनदारांनी रंगकामाचं गणित टाकलं: दर फ्लॅटमागे १४ हजार, दोन हप्त्यांत, कुणाची हरकत नसावी. तासाभरात त्याखाली ११ अंगठे जमा झाले. रविवारी सकाळी खजिनदार वही घेऊन पार्किंगमध्ये बसले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "मी कधी हो म्हटलं?"

"अहो, अंगठा दिलात की!"

"तो 'वाचलं' असा अंगठा होता. गुरुवारी पाणी बंद, या मेसेजलाही मी अंगठाच देतो. म्हणजे पाणी बंद करायला माझी संमती असते का?"

खजिनदारांना यावर काही सुचेना. सुचलं मलाही नाही, पण मी तिथं फक्त दुधाची पिशवी घ्यायला उतरले होते.

मराठीनं या अंगठ्याची गंमत आधीच करून ठेवली आहे. ज्याला सही येत नाही तो अंगठा देतो, म्हणजे कागदावरचं सगळं मान्य करतो. दस्तावर 'नि. डा. अं.' अशी नोंद पडते, निशाणी डावा अंगठा. आणि ज्याला पैसे द्यायचे नसतात, तो अंगठा दाखवतो. बोट तेच. 'देणे' लावलं की होकार, 'दाखवणे' लावलं की ठेंगा. फोनवरच्या अंगठ्याला क्रियापदच नसतं. दिला की दाखवला, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

त्या दिवसापासून इमोजी ही नेमकी काय वस्तू आहे, हे नीट समजून घ्यायचं मनावर घेतलं. प्रश्न दोन निघाले. फोनच्या लेखी इमोजी म्हणजे काय, आणि माणसाच्या लेखी काय? बहुतेक घोळ होतात ते या दोन्हींचं उत्तर एकच आहे असं धरल्यामुळं. (या लेखात एकही इमोजी छापलेला नाही. कारण पुढं येईल.)

फोनच्या लेखी ते अक्षर आहे

स्मायली पाठवला म्हणजे एक छोटंसं चित्र पाठवलं, असं आपल्याला वाटतं. पण मेसेजमधून चित्र जात नाही. जातो तो एक आकडा.

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देणारी एक यादी केलेली आहे. तिचं नाव युनिकोड. १९९१ पासून युनिकोड कन्सॉर्शियम नावाची ना-नफा संस्था ती सांभाळते. या यादीत 'क' चा क्रमांक २३२५, 'ळ' चा २३५५. त्याच यादीत बरंच पुढं गेलं की १२८०७७ वर अंगठा आहे आणि १२८५१४ वर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. 'ळ' आणि अंगठा हे यादीच्या दृष्टीनं एकाच वर्गातले विद्यार्थी आहेत, फक्त हजेरी क्रमांक लांबचे.

तुम्ही अंगठा दाबलात की तुमचा फोन फक्त '१२८०७७' एवढं कळवतो. समोरचा फोन स्वतःजवळचा चित्रांचा संच उघडतो आणि त्या क्रमांकाचं चित्र दाखवतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास लग्नपत्रिकांची दुकानं आहेत, तिथं जाड कॅटलॉग असतात. समजा, तुम्ही दुकानदाराला घरूनच फोन केलात, "डिझाइन नंबर ४२ छापा." तुमच्याकडचा कॅटलॉग आणि त्याच्याकडचा कॅटलॉग वेगवेगळ्या छापखान्यांचे असतील, तर ४२ वर दोन्हीकडे गणपतीच असेल, पण एकाचा सोज्वळ आणि दुसऱ्याचा जरा उग्र. पत्रिका छापून आल्यावर तुम्ही चिडाल. दुकानदार म्हणेल, तुम्हीच ४२ सांगितलंत. दोघंही खरं बोलत असाल.

इमोजीचं हुबेहूब असंच होतं. ॲपल, गूगल, सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट यांचे कॅटलॉग वेगवेगळे आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे तपासलं. हसऱ्या डोळ्यांचा, दात दाखवणारा एक चेहरा त्यांनी लोकांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या रूपात दाखवला. इतर फोनांवर तो लोकांना आनंदी वाटला. त्या काळच्या ॲपलच्या रूपात दात आवळून चिडल्यासारखा. त्याच वर्षी ॲपलनं पिस्तुलाच्या इमोजीची पाण्याची पिचकारी केली. बाकीच्या मोठ्या कंपन्या त्या वाटेला लागेपर्यंत २०१८ उजाडलं. मधल्या काळात रंगपंचमीला कुणी भावाला आयफोनवरून पिचकारी पाठवली असेल, तर भावाच्या फोनवर पिस्तूल उतरलं असेल.

इथं इमोजी का छापले नाहीत, ते आता लक्षात आलं असेल. मी कोणता चेहरा घातला ते मला माहीत. तुमचा फोन कोणता दाखवेल ते मला सांगता येत नाही.

ज्यांनी डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवण्याचा, काळ पाहिला आहे, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. शिवाजी फॉंटमध्ये टाइप केलेलं निमंत्रण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं, की 'सस्नेह निमंत्रण' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रत्येक फॉंटवाल्याचे क्रमांक आपापले होते. जपानमध्ये इमोजींचं तेच झालं होतं: एका मोबाइल कंपनीचं हृदय दुसऱ्या कंपनीच्या फोनवर पोचेपर्यंत भलतंच काही व्हायचं. उपाय दोन्हीकडे एकच निघाला, सगळ्यांनी एक यादी मानायची. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय प्रमाणावर बेतलेली आहे, आणि ते प्रमाण आणि त्यावरचं तंत्र देशभर पोचवण्यात आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा मोठा वाटा होता. जपानी इमोजी या यादीत आले ऑक्टोबर २०१० मध्ये, सहाव्या आवृत्तीत. रुपयाचं नवं चिन्हही त्याच आवृत्तीत आलं. रुपया आणि हसरा चेहरा एकाच गाडीतून उतरलेले प्रवासी आहेत.

'आचाऱ्यांना' आणि त्रिकोणी कुटुंब

इमोजी हे अक्षर आहे, याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा आपल्या जोडाक्षरांत सापडला.

'आचार्यांना जेवायला बोलवा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलवा' यांत किती फरक आहे ते आपल्याला शाळेत शिकवलं. दुसऱ्या शब्दातला तो पापणीसारखा वळलेला अर्धा 'र' कॉम्प्युटरवर काढायच्या दोन रीती आहेत. त्यातल्या एकीत 'र' नंतर हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य चिन्ह टाकतात. या चिन्हाला रुंदी नाही, आकार नाही. पडद्यावर ते दिसतच नाही. फक्त शेजारच्या दोघांना सांगतं की बाबांनो, चिकटून उभे राहा. आपण त्याला अदृश्य जोड म्हणू.

फोनवर आई, बाबा आणि मुलगी असं कुटुंबाचं एक चित्र आहे. ते एक अक्षर नाही. पुरुष, अदृश्य जोड, बाई, अदृश्य जोड, मुलगी, असं ते जोडाक्षर आहे. आणि हा जोड तोच, आचाऱ्यांच्या 'र' मधला. भारतीय आणि अरबी वळणाच्या लिप्यांसाठी ठेवलेली ही गाठ पुढं इमोजीवाल्यांनी उचलली. फोन जुना असेल आणि त्याला हे जोडाक्षर ओळखता आलं नाही, तर कुटुंब फुटतं, तिघं ओळीत सुटे उभे राहतात. जुन्या कॉम्प्युटरवर 'क्ष' फुटून 'क' आणि 'ष' वेगळे दिसायचे, तसंच.

त्वचेच्या रंगांचं काम बाराखडीसारखं चालतं. २०१५ मध्ये पाच रंगछटा आल्या. त्या स्वतंत्र इमोजी नाहीत. 'क' ला वेलांटी लावावी तसा पिवळ्या अंगठ्याला रंग लागतो. आणि आपला तिरंगा? तोही यादीत एक अक्षर म्हणून नाही. इंग्रजी 'आय' आणि 'एन' यांची दोन खास रूपं शेजारी ठेवली की फोन तिथं तिरंगा काढतो. ऑफिसातल्या विंडोज कॉम्प्युटरवर बऱ्याचदा नुसती ती दोन अक्षरं दिसतात. १५ ऑगस्टच्या ईमेलमध्ये झेंडा का दिसत नाही, म्हणून आमच्या ऑफिसात एकदा गंभीर चर्चा झाली होती.

हे आलं कुठून?

थोडक्यात. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञानं सुचवलं की थट्टेत लिहिलेल्या मजकुरापुढं :-) अशी खूण करावी, म्हणजे लोक गैरसमज करून घेणार नाहीत. गरज तेव्हाही तीच होती: विनोद केला, समोरच्याला कळला नाही, भांडण लागलं. १९९७ मध्ये जपानच्या एका फोनवर ९० चित्रं आली. १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रांचा संच केला. प्रत्येक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांत, म्हणजे आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीहूनही कमी जागेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २०१६ मध्ये तो संच आपल्या संग्रहात घेतला.

शब्दाचा इंग्रजी 'इमोशन'शी काही संबंध नाही. जपानीत 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. चित्राक्षर. शब्द करणाऱ्यांना ती वस्तू काय आहे ते आपल्यापेक्षा आधी कळलेलं होतं.

मग गणपतीचा इमोजी का नाही?

हा प्रश्न भाद्रपदात हमखास येतो. नवा इमोजी कुणीही सुचवू शकतो. रीतसर प्रस्ताव द्यायचा, युनिकोडची समिती तो पाहते, आणि मान्य झालाच तर आपल्या फोनवर यायला दीडदोन वर्षं जातात. पण नियम आहेत. देवदेवता चालत नाहीत, विशिष्ट व्यक्ती चालत नाहीत, कंपन्यांची बोधचिन्हं नाहीत, विशिष्ट इमारती नाहीत. म्हणजे गणपती बाद आणि शनिवारवाडाही बाद. मग टोकियो टॉवर आणि फुजी पर्वत कसे आहेत? ते मूळ जपानी संचात होते, म्हणून जुन्या भाडेकरूंसारखे राहिले. नियम नंतर झाला. पुणेकरांना हा युक्तिवाद समजायला जड जाऊ नये.

साडी, रिक्षा, पणती आणि देऊळ हे चौघंही २०१९ मध्ये आले. वडापाव नाही, गुढी नाही, मोदक नाही. लोक मात्र अडून बसत नाहीत. चिनी डम्पलिंगचं चित्र दिवाळीत करंजी म्हणून फिरतं. चतुर्थीच्या मेसेजात जे लाल फूल रांगेनं येतं, ते अधिकृत यादीतही जास्वंदच आहे. समितीत कुणाच्या मनात बाप्पा नसणार, पण बाप्पाचं फूल तेवढं यादीत आलं.

माणसाच्या लेखी तो शब्दही नाही

आता दुसरा प्रश्न. फोनच्या लेखी अक्षर, हे ठीक. मग इमोजी वाचायचा कसा? इथं बहुतेकजण त्याला शब्द समजतात: हा म्हणजे 'आनंद', हा म्हणजे 'राग'. तसं असतं, तर इमोजींचा एक शब्दकोश करून वाद मिटवता आला असता.

करून बघा. "परवा आत्याकडं जायचं होतं, पण रिक्षाच मिळाली नाही म्हणून राहिलं." हे नुसत्या इमोजींत लिहा. रिक्षा मिळेल, आत्यासाठी एखादी बाई मिळेल. 'परवा' कुठून आणाल? 'होतं' कसं सांगाल? 'मिळाली नाही' मधलं 'नाही' फार तर लाल फुलीनं दाखवाल, पण ती फुली रिक्षावर की आत्यावर? काळ नाही, विभक्ती नाही, नकार धड नाही. भाषा म्हणून हे दुकान पहिल्या वाक्यालाच बंद पडतं.

आता उलटं करून बघा. 'बरं' हा एकच शब्द घ्या. सासूबाईंनी सांगितलेलं ऐकून घेतल्याचं 'बरं'. मुलगा दहाव्यांदा 'पाच मिनिटांत उठतो' म्हणाल्यावरचं 'बरं!'. गोष्ट रंगात आल्यावर पुढचं ऐकायचं 'बरं?'. आणि भांडण संपवणारं, दाराबाहेर जाता जाता टाकलेलं 'बरं'. समोरासमोर असताना यांतला एकही आपण चुकत नाही, कारण शब्दाबरोबर आवाज असतो, भुवई असते, मान असते. मेसेजमध्ये मात्र चारही 'बरं' सारखीच दिसतात. उरलेली भुवई आणि मान पुरवायला इमोजी येतो.

म्हणजे इमोजी हा हातवारा आहे. भाषेचे काही अभ्यासकही त्याला शब्दांऐवजी हातवाऱ्यांच्याच रांगेत बसवतात, आणि एकदा असं पाहिलं की बरंच उलगडतं. तो बहुधा वाक्याच्या शेवटी का येतो? कारण बोलून झाल्यावर आपण हात झटकतो, खांदे उडवतो. तोच इमोजी लोक पाच-पाच वेळा का पाठवतात? 'छान छान छान छान छान' असं कुणी लिहीत नाही, पण टाळी कुणी एकदाच वाजवत नाही.

"पुणेरी पाट्यांना कुठं इमोजी लागतात?" असं माझ्या भावानं विचारलं. बरोबर आहे, लागत नाहीत. 'दाराची कडी वाजवू नये, बेल दिलेली आहे' हे त्या दारावर, त्या अक्षरात, पायरीवर उभं राहून वाचताना मालकांचा चेहरा आपोआप डोळ्यांपुढं येतो. भिंतच तिथं हातवारा करते. तेच वाक्य शेजाऱ्यांना मेसेज करून पाठवा आणि काय होतं ते पाहा.

हातवारा एक, घरं अनेक

हातवाऱ्याची अडचण अशी की त्याचा अर्थ घराघरात बदलतो. माझ्या भाचीनं मला स्पष्ट सांगितलंय, "मावशी, तो बारीक हसणारा चेहरा पाठवत जाऊ नकोस. मी काहीतरी चुकलेय आणि तू बोलत नाहीयेस, असं वाटतं." मी तो इतकी वर्षं प्रेमानं वापरत होते. तिच्या पिढीत नुसता अंगठा म्हणजे तुसडेपणा, आणि कवटी म्हणजे मरण नव्हे तर 'हसून मेले'. हसून रडणाऱ्या चेहऱ्याला ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ मध्ये वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं. भाचीच्या मते तो आता काकालोकांचा इमोजी आहे.

पानिपताची बातमी पेशव्यांकडं आली ती 'दोन मोत्यें गळाली' अशा सांकेतिक शब्दांत, असं आपण वाचत आलो आहोत. ते मोती कोण, हे वाचणाऱ्याला माहीत होतं म्हणून ते पत्र वाचता आलं. कवटीचंही तसंच. फरक एवढाच की तिथं संकेत मुद्दाम ठरवलेला होता, आणि इथं तो कुणी ठरवल्याचं कुणाला कळतही नाही.

आणि जोडलेले हात! युनिकोडच्या यादीत त्याचं नाव नुसतं 'हात जोडलेली व्यक्ती' असं आहे. जपानमध्ये तो 'कृपया' आणि 'आभारी आहे' साठी चालतो. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मी एक आठवडा लक्ष ठेवलं. नमस्कार, आभार, क्षमस्व, श्रद्धांजली, 'आजचा सुविचार वाचला', 'विषय संपवू या', आणि एकदा, माझ्या आत्तेभावाच्या राजकीय मेसेजखाली, निखळ 'आता पुरे'. व्हॉट्सॲपनं मे २०२२ मध्ये मेसेजखाली प्रतिक्रिया देण्याची सोय आणली, तेव्हा सुरुवातीच्या सहा इमोजींत अंगठा आणि जोडलेले हात दोन्ही होते. म्हणजे सगळ्यात संदिग्ध दोन हातवारे सगळ्यात सोप्या बटणावर बसले.

"ते सगळं ठीक, पण कोर्टात काय धरतील?"

कॅनडातली गोष्ट आहे, आणि ती आमच्या पार्किंगइतकीच साधी आहे. सस्कॅचवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याला धान्य खरेदीदारानं मार्च २०२१ मध्ये जवसाच्या सौद्याच्या कराराचा फोटो पाठवला आणि सौदा पक्का असल्याचं कळवायला सांगितलं. शेतकऱ्यानं अंगठा पाठवला. माल द्यायच्या वेळेपर्यंत जवसाचा भाव चढला होता. माल आला नाही. खरेदीदार कोर्टात गेला. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच. २०२३ मध्ये न्यायालयानं तो अंगठा सही म्हणून धरला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई लावली. डिसेंबर २०२४ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल कायम ठेवला.

म्हणजे खजिनदार जिंकले? थांबा. मार्च २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढं दुसरा अंगठा आला. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानानं वरिष्ठाच्या हत्येबद्दलच्या मेसेजखाली अंगठा दिला, म्हणून त्याला नोकरीवरून काढलं होतं. न्यायालय म्हणालं, हा अंगठा 'ओके' च्या जागी वापरतात, मेसेज पाहिल्याची ती पोच मानता येईल. हत्येचा आनंद साजरा केला असा त्याचा अर्थ होत नाही. जवानाला नोकरीवर परत घ्यायला सांगितलं गेलं.

एका कोर्टानं अंगठा 'दिला' असं धरलं, दुसऱ्यानं 'वाचलं' असं. दोघांचं एकमेकांशी भांडण नाही, कारण अंगठ्याचा एकच अर्थ कुणीच शोधत नव्हतं. कॅनडाच्या प्रकरणात खरं वजन पडलं ते आधीच्या व्यवहारांचं. त्याच दोघांत पूर्वीही असेच करार फोनवर आले होते, शेतकऱ्यानं 'ओके' किंवा 'ठीक दिसतंय' अशा दोन शब्दांत उत्तर दिलं होतं, आणि दर वेळी माल वेळेवर पोचवला होता. त्या माळेत अंगठा बसला, म्हणून तो सही झाला. जवानाच्या बाबतीत अशी माळ नव्हती.

आपल्याकडचा करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्याला हे अजिबात नवीन नाही. त्याचं ९ वं कलम सांगतं की होकार शब्दांत असेल तर तो व्यक्त, आणि शब्दांवाचून दिलेला असेल तर तो ध्वनित, चालतात दोन्ही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे ठरत आले, तिथं तरी शब्द कुठं होते? पण ती बोटं दोघांनाही येत होती, आणि आपण सौदा करतोय हे दोघांनाही माहीत होतं.

आमच्या रंगकामाचं उत्तर त्या मानानं सोपं आहे. सहकारी सोसायटीत ठराव होतो तो सभेत, सूचक-अनुमोदकांसह, इतिवृत्तात. ग्रुपवरचे ११ अंगठे म्हणजे फार तर ११ जणांनी वाचलं. शिवाय 'हरकत नसावी' अशी सूचना आणि 'मान्य आहे का?' असा प्रश्न यांत फरक आहे. प्रश्नच विचारला नसेल, तर अंगठा कशाला दिला?

"आम्ही पत्रं लिहायचो, तेव्हा कुठं लागत होते?"

लागत होते. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागायचं. वाईट बातमीच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, आणि पोस्टमननं ते हातात दिलं की बाई वाचायच्या आधी मटकन खाली बसायची. वर 'तीर्थरूप' की 'चिरंजीव', पुढं 'सा. न. वि. वि.' की 'अनेक आशीर्वाद', शेवटी 'लोभ असावा'. यांतला एकही शब्द बातमी सांगत नाही. सगळे मान लववतात, पाया पडतात, पाठीवरून हात फिरवतात. पेशवाईतल्या पत्रांच्या शेवटी 'बहुत काय लिहिणे' यायचं आणि त्याखाली मोर्तब. हातवारे कागदावर आधीपासून होते. फक्त त्यांचे मायने शाळेत शिकवत, म्हणून सगळ्यांना सारखेच येत.

इमोजीमुळं मराठी बिघडते म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, उद्गारचिन्ह कधी आलं? मोडीत शब्दही एकमेकांना चिकटून लिहीत, विरामचिन्हं नव्हती. मराठीला स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांची घडी घालून दिली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मेजर थॉमस कँडी या इंग्रजानं, आणि त्याची हयात बरीचशी पुण्यातच गेली. 'अरे वा!' मधलं ते उभं चिन्हही परकंच आहे. तेही आवाज चढवायलाच आलं.

एका बाबतीत मात्र मी तक्रारदारांच्या बाजूनं आहे. आमच्या मैत्रिणीचे वडील गेले, तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चाळीस जोड्या आल्या आणि वाक्यं तीन. समोर असतो तर आपण नुसते हात जोडून गप्प उभे राहिलो असतो, ते चाललं असतं, कारण आपण तिथं गेलेलो असतो. फोनवर गेलेले नसतो. तिथं हातवारा एकटाच पाठवला की तो पोकळ वाजतो.

दोन किरकोळ, पण उपयोगी गोष्टी

माझ्या ओळखीचे एक अंध शिक्षक फोन ऐकून वापरतात. फोनमधलं वाचनतंत्र त्यांना प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्यानं वाचून दाखवतं. तुम्ही जास्वंदीची दहा फुलं वाहिलीत, तर त्यांना फुलाचं नाव ओळीनं ऐकावं लागतं आणि मग कुठं कळतं की उद्या तास नाही. ते म्हणतात, फुलं वाहा, पण निरोपाच्या मागं.

दुसरी गोष्ट साध्या एसएमएसची. इंग्रजी अक्षरांत १६० मावतात. एक देवनागरी अक्षर किंवा एक इमोजी आला, की मर्यादा ७० वर येते, आणि त्यातही बहुतेक इमोजी किमान दोन जागा खातात. संस्थेच्या सभेचा एसएमएस शेकडो सभासदांना पाठवताना शेवटी हौसेनं एक फूल लावलं, की इंग्रजीतल्या एकाच मेसेजचे दोन किंवा तीन होतात आणि बिलही त्याच पटीत येतं. मराठीत लिहिलेला असेल तर त्याचे तुकडे आधीच पडलेले असतात, तेव्हा फूल लावा खुशाल.

आमचं रंगकाम सध्या बी विंगपर्यंत आलंय. रीतसर सभा झाली, ठराव झाला, आणि काकांनी परवा पैसे भरले. ग्रुपवर लिहिलं, 'पहिला हप्ता जमा.' त्यापुढं एक अंगठा.

खजिनदारांनी मला लिफ्टपाशी गाठून फोन पुढं केला. "तुम्ही एवढं वाचलंय म्हणता. हा दिलेला आहे, की दाखवलेला?"

"काकांनाच विचारा ना."

"विचारलं की," ते म्हणाले. "हात जोडलेले पाठवलेत."